मदत हवी आहे: लोड डेटा केल्यावर रेप्लिकावर ओळी कमी

रात्रपाळी: रोज रात्री सहा सीएसव्ही फायली लोड डेटा इन्फाइलने (फाइलमधल्या ओळी टेबलात भरणारी कमांड) मुख्य डेटाबेस सर्व्हरवर चढवतो, तिथून त्या रेप्लिकावर (मुख्यची आपोआप होणारी नक्कल) जातात, आणि सकाळी दोन्हीकडचे ओळींचे काउंट ताडून बघतो. परवापासून रेप्लिकावर कमी. एरर नाही, लॅग (रेप्लिका मुख्यच्या किती मागे आहे ते) शून्य. साडेनऊला रिपोर्ट जातात आणि बोलणी मी खातो. काय तपासू? लवकर सांगा प्लीज.

जुना_डीबीए: कमी म्हणजे किती? मायएसक्यूएल की मारियाडीबी? बिनलॉग (मुख्यवरच्या बदलांची नोंदवही, तीच वाचून रेप्लिका चालते) रो की स्टेटमेंट, म्हणजे बदललेल्या ओळी लिहितो की कमांड? काउंट काढता कुठून? एवढ्यावर ज्योतिषीही हात टेकेल.

रात्रपाळी: मायएसक्यूएल ८.०, रो. काउंट इन्फर्मेशन स्कीमातून, म्हणजे डेटाबेसनेच ठेवलेल्या माहितीतून. काउंट स्टारला (एकेक ओळ मोजायला) फार वेळ लागतो.

विदाधर: इथेच माशी शिंकली! इनोडीबीसाठी (मायएसक्यूएलचं नेहमीचं स्टोरेज इंजिन) तो आकडा अंदाजे असतो, ४०-५० टक्केही चुकू शकतो. खरा काउंट काढा. आणि काउंट जुळला म्हणजे आतला मजकूर जुळला असं नाही, त्यासाठी पीटी-टेबल-चेकसम (दोन्हीकडचा डेटा ताडणारं टूल) चालवा.

कोकणी_मेवा: सोडा मायएसक्यूएल, पोस्टग्रेस डेटाबेसवर या. कॉपी कमांड, विषय संपला.

जुना_डीबीए: अनलॉग्ड टेबलात (ज्याचा डेटा नकलेकडे जातच नाही) कॉपी करा आणि मग स्टँडबायवर (पोस्टग्रेसची रेप्लिका) शोधत बसा. दर धाग्यावर तेच काय हो?

रिकामटेकडा: मराठी नावांची प्रश्नचिन्हं होत असतील तर लोडमध्ये कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ लिहा. माझे दोन दिवस गेले होते यात.

रात्रपाळी: अहो, नावं ठीक आहेत, ओळीच नाहीत! कालच्या तारखेपुरता खरा काउंट मारला, अकरा मिनिटं लागली. फरक ७,८२,४१६. सहाव्या फाइलला डब्ल्यूसी -एल (ओळी मोजणारी कमांड) दिलं तर ७,८२,४१७. पहिली ओळ मथळ्याची.

जुना_डीबीए: म्हणजे अख्खी फाइल गेलीच नाही. तिची स्क्रिप्ट उघडा, त्यात 'सेट एसक्यूएल_लॉग_बिन = ०' (या सेशनचं काही बिनलॉगात लिहू नको) शोधा.

रात्रपाळी: आहे!! दुसरीच ओळ. मागे सहकाऱ्याने रेप्लिकावर हाताने डेटा भरताना लिहिलेली, परवा तीच स्क्रिप्ट क्रॉनला (ठरल्या वेळी आपोआप चालवणारा) जोडून तो रजेवर गेला. पण एरर कशी नाही आली?

जुना_डीबीए: बिनलॉगात लिहिलंच नाही तर रेप्लिकाला कळणार कसं? जीटीआयडीसुद्धा (प्रत्येक व्यवहाराचा ओळख क्रमांक) तयार होत नाही, म्हणून सगळं हिरवंगार. लोडच्या युजरची सेशनमध्ये हे सेटिंग बदलायची परवानगी काढून घ्या, म्हणजे अशी स्क्रिप्ट जागीच आपटेल. आणि लोडनंतर रोज चेकसम, नुसता लॅग बघून झोपू नका.

कोकणी_मेवा: पोस्टग्रेसमध्ये असा स्विचच नाही. असो.

विदाधर: घाईने एक सांगतो. त्या राहिलेल्या ओळींवर मुख्य सर्व्हरवर अपडेट आला की रेप्लिकाला ओळ सापडणार नाही आणि ती एरर १०३२ देऊन थांबेल. त्याआधी मुख्यवरून तेवढ्या ओळींचा डंप (आयडीसकट जशीच्या तशी प्रत) घेऊन रेप्लिकावर भरा. नुसती फाइल पुन्हा लोड केली तर ऑटो इन्क्रिमेंटचे आयडी बदलतील. गंमत म्हणजे रेप्लिकावर भरताना एसक्यूएल_लॉग_बिन = ० च लागेल.

रात्रपाळी: थांबली रेप्लिका. आत्ताच. १०३२. डंप लावलाय, नऊ वाजून दहा झालेत.