आडवं पडूनच खेळा
अंगात ताप असताना ४ वर्षांच्या वांड मुलाला कसं गुंतवून ठेवायचं, असं तुम्ही विचारलंय; काय हाल होत असतील ते कळतंय. थोडा वेळ कार्टून लावलंत तर अपराधी वाटून घेऊ नका, हे बाकी सगळ्यांनी तुम्हाला सांगितलंच आहे. माझी भर एवढीच: तुम्हाला उठावं लागणार नाही असा खेळ शोधा. जुन्या टीशर्टच्या पाठीवर मार्करने रस्ते, सिग्नल, पेट्रोल पंप काढा, तो घालून पालथ्या पडा आणि मुलाच्या हातात खेळण्यातल्या गाड्या द्या. पाठ फुकटात चेपून मिळते! डॉक्टर-पेशंटही चालतं, फक्त इंजेक्शनं फार टोचून घ्यावी लागतात. कणकेचा गोळा, मटार सोलणं वगैरेवर आमचं कार्टं जेमतेम चहा गाळेपर्यंत टिकतं. डोळा लागेलसं वाटलं तर आधी दाराची वरची कडी लावा, गॅसचा रेग्युलेटर बंद करा आणि बाथरूममधली भरलेली बादली ओता.