उडालेला पत्रा आणि गाडीची भरपाई

आदरणीय भाऊसाहेब,
सप्रेम नमस्कार. गेल्या आठवड्यातील वादळात रावेर तालुक्यातील आमच्या गावी शेजारच्या गोठ्याचा पत्रा उडाला आणि अंगणात उभ्या असलेल्या आबांच्या गाडीवर आदळला. समोरची काच फुटली आणि बॉनेट चेपले. "वारा काय माझ्या हातात आहे का?" असे शेजारी म्हणतात. आबांना चाळीस वर्षांचा शेजार तोडायचा नाही, पण खर्चही झेपणारा नाही. भरपाई नेमकी कोणाकडे मागावी?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद. पत्रा पडला तेव्हा आबा अंगणात नव्हते, हे फार बरे झाले.

वारा कोणाच्या हातात नसतो हे खरे. पण पत्रा आवळून बसवणे मालकाच्या हातात असते, आणि दैवी आपत्तीचा बचाव कायद्यात तेव्हाच टिकतो, जेव्हा आपत्तीची आधी कल्पना येण्यासारखी नसते व वाजवी काळजी घेऊनही नुकसान टळले नसते. मे-जूनमध्ये केळीच्या बागा आडव्या करणारे वारे रावेर, यावल, चोपड्याकडे सुटतात, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. म्हणून पत्रा नुसत्या दगडांच्या भाराने ठेवला असेल, तर तो निष्काळजीपणा ठरू शकतो. मात्र तो सिद्ध करणे आपल्याकडे असते. त्यासाठी तो पत्रा कोणी उचलण्याआधी त्याच्या भोकांचे जवळून फोटो काढून घ्या: कडा फाटलेल्या असतील किंवा हूक-बोल्ट अजून लटकत असेल, तर पत्रा बसवलेला होता आणि वाऱ्याने तो उपटला, भोके शाबूत असतील किंवा मुळी पाडलेलीच नसतील, तर शेजाऱ्यांकडे उत्तर उरत नाही. पत्रा नीट बसवलेला असूनही गावातील निम्मी छपरे गेली असतील, तर त्यांच्याकडे पैसे मागणे मला अन्यायाचे वाटते.

तरीही पहिली वाट विम्याचीच धरावी. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार सक्तीचा असतो तो केवळ थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे होणाऱ्या नुकसानीचा), आणि त्यात आपल्या गाडीची नुकसानभरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसी असल्यास वादळाचे नुकसान त्यात येते. काचेवर घसारा (भाग जुना झाल्याबद्दलची कपात) कापत नाहीत, प्लास्टिक व रबराच्या भागांवर 50 टक्के कापतात, आणि 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले 1000 रुपये आपल्याला सोसावे लागतात. दावा केल्यावर नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, तेव्हा आधी गॅरेजवाल्याकडून अंदाजपत्रक घेऊन हिशेब मांडा. विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्या सर्वेअरने पाहण्यापूर्वी मात्र दुरुस्तीला हात लावू देऊ नका. गाडी आबांच्या नावावर असेल, तर अर्जावर सही त्यांचीच लागेल. तलाठ्याने गावात पंचनामा केला असेल, तर त्याची प्रत वादळाचा पुरावा म्हणून जोडा.

एक गोष्ट आबांना आजच फोन करून सांगा. शेजारधर्म म्हणून "आमची काही तक्रार नाही" असे त्यांनी कोणालाही लिहून देऊ नये. भरपाई दिल्यावर शेजाऱ्यांकडून वसुली करण्याचा हक्क विमा कंपनीकडे जातो, आणि तो आपणच आधी सोडला, तर विम्याचा दावा अडू शकतो. शेजाऱ्यांविरुद्ध कोर्टात दावा लावण्याची मुदत 3 वर्षांची आहे. तोवर बोलणे चालू ठेवता येईल.