संवाद नकोत, शरीर द्या

गेममधला नायक प्राणी असेल तर त्याला बोलतं केल्याशिवाय त्याचं मन कळणार नाही, असं एकाने लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. गेममध्ये खेळणाऱ्याच्या हातात कंट्रोलर असतो. मग ते शरीर थेट त्याच्या हातात द्या ना!

ऑक्टोपस घ्या. त्याला तीन हृदयं. दोन कल्ल्यांकडे रक्त ढकलतात, तिसरं बाकीच्या शरीराला पुरवतं, आणि पोहताना हे तिसरं थांबतं. म्हणून तो पोहून लवकर दमतो, शक्यतो तळावरून सरपटतच जातो. आता समजा शिकारी मासा मागे लागलाय. पोहायचं बटण दाबलं की कानातली धडधड बंद, स्क्रीनच्या कडा काळवंडायला लागल्या. पळणं त्याला किती महागात पडतं, हे एका शब्दाशिवाय कळतं. शिवाय त्याच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी जवळजवळ दोन तृतीयांश बाहूंमध्येच असतात आणि बाहूंवरच्या चूषकांना, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाट्यांना, चव कळते. म्हणजे अंधाऱ्या फटीत बाहू घालायचा, दिसणार काहीच नाही, फक्त चव येणार. मध्येच तो बाहू तुमचं न ऐकता काहीतरी धरून बसेल. काय सुंदर प्रसंग होईल हा!

गेमची कथा लिहिणाऱ्यांनी आधी प्राणी कशाने दमतो, काय हुंगतो ते वाचावं. स्वभाव नंतर ठरवता येतो.

२०१६च्या ‘द लास्ट गार्डियन’ या गेममधला ट्रिको हा भलामोठा सोबती प्राणी सांगितलेलं लगेच ऐकत नाही. अनेकांना त्याचा वैताग आला. मला तो तिथेच जिवंत वाटला.