मदत हवी आहे: टूल बँडची स्क्रीनवाली सीडी भारतात कशी आणायची?

टूल या अमेरिकन रॉक बँडचा 'फिअर इनॉक्युलम' हा अल्बम ३० ऑगस्ट २०१९ला आला. आधीचा अल्बम २००६चा, त्यानंतर थेट हा! मला मर्यादित आवृत्तीची सीडी हवी आहे. पाकीट उघडलं की आत चार इंची स्क्रीन, स्पीकर, चार्जिंगची केबल आणि ३६ पानी पुस्तिका. गाणी स्ट्रीमिंगवर मिळतील, पण इतकी वर्षं वाट पाहिल्यावर अल्बम हातात हवाच.

पुण्यातल्या ओळखीच्या दुकानदाराने स्क्रीनमध्ये बॅटरी आहे हे ऐकून हात वर केले. परदेशी साइट भारतातला पत्ता घेत नाही. मावसभाऊ दिवाळीत न्यू जर्सीहून येतोय, तो आणेल. फक्त पॅकिंग फोडायचं नाही. बॅटरीवाली अशी वस्तू कुणी आणली आहे का? केबिन बॅगेत चालते का, आणि कस्टमवाले तिला सीडी धरतात की इलेक्ट्रॉनिक वस्तू?