मदत हवी आहे: नॉरअ‍ॅड्रेनलिनने नाडी वाढायला हवी, मग आलेखात ती मंदावते कशी?

नमस्कार. मी फार्मसीची विद्यार्थिनी. हृदयाचं शरीरक्रियाशास्त्र आणि त्यावरची औषधं एकत्र वाचतेय आणि एका जागी पुरती अडलेय.

हृदयावर बीटा-१ रिसेप्टर (औषध किंवा संप्रेरक जिथे चिकटून काम करतं ते रेणू) असतात. ते उद्दीपित झाले की एसए नोडचा (ठोक्यांची गती ठरवणाऱ्या भागाचा) वेग वाढतो आणि आकुंचनाचा जोरही वाढतो. नॉरअ‍ॅड्रेनलिन बीटा-१ वर काम करतं, त्यामुळे ठोके वाढायला हवेत. शरीराबाहेर काढून जिवंत ठेवलेल्या सशाच्या हृदयावर ते वाढतातही. पण माणसाला शिरेतून नॉरअ‍ॅड्रेनलिन दिल्याचा आलेख पाहिला, तर रक्तदाब वर आणि नाडी चक्क खाली! शेजारीच अ‍ॅड्रेनलिनचा आलेख आहे, त्यात मात्र नाडी वाढलेली. दोन्ही औषधं बीटा-१ वर काम करतात, मग हा फरक का? पाठ करायचं नाहीये, समजून घ्यायचंय. कुणी नीट उलगडून सांगेल का?

उत्तर:
तुझा प्रश्न योग्य जागी आहे, आणि त्याचं उत्तर तूच लिहिलेल्या एका वाक्यात दडलंय: हृदय शरीराबाहेर होतं. तिथे त्याला मेंदूकडून काहीच निरोप येत नाही, त्यामुळे दिसतो तो औषधाचा थेट परिणाम. अख्ख्या शरीरात त्या परिणामावर शरीराचं प्रत्युत्तरही येतं.

आता क्रम लाव. रक्तदाब म्हणजे हृदय मिनिटाला जेवढं रक्त ढकलतं ते, गुणिले रक्तवाहिन्यांचा एकूण विरोध. विश्रांतीत एका ठोक्याला साधारण ७० मिली आणि मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे जवळपास ५ लिटर. नॉरअ‍ॅड्रेनलिन वाहिन्यांवरच्या अल्फा-१ रिसेप्टरमुळे त्या आवळतं. विरोध वाढतो, सिस्टोलिक (वरचा) आणि डायास्टोलिक (खालचा) दोन्ही दाब चढतात. मानेतल्या धमनीच्या कॅरोटिड सायनसमधले आणि महाधमनीच्या कमानीतले दाबग्राही (दाब ओळखणारी चेताटोकं) हे लगेच टिपतात आणि नवव्या-दहाव्या कवटी-चेतांमधून मेड्युलाला (मेंदूच्या तळच्या भागाला) कळवतात. तिथून व्हेगस (हृदय मंदावणारी चेता) जागी होते, तिच्या टोकांतून अ‍ॅसिटिलकोलिन सुटतं आणि एसए नोडवरच्या एम-२ रिसेप्टरला बसतं. व्हेगसचा हा लगाम बीटा-१ च्या रेट्यापेक्षा भारी पडतो, म्हणून नाडी मंदावते.

अ‍ॅड्रेनलिनकडे जास्तीचं काय आहे? बीटा-२! स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या त्यामुळे सैलावतात. कमी मात्रेत सिस्टोलिक वाढतो, डायास्टोलिक उतरतो, सरासरी दाब फारसा हलत नाही. दाबग्राहींना ओरडायला कारणच मिळत नाही आणि बीटा-१ चा परिणाम उघड दिसतो.

धागाकर्ती:
वा, आता चित्र दिसायला लागलं! म्हणजे आधी अ‍ॅट्रोपिन दिलं तर एम-२ अडतील आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनने नाडी वाढेल ना? आणि निफेडिपिन या रक्तदाबाच्या औषधाने ठोके वाढतात तेही याच वाटेने, फक्त उलट दिशेने?

उत्तर:
दोन्ही बरोबर. निफेडिपिन वाहिन्या सैल करतं, दाब पडतो, व्हेगस मागे सरते, सिम्पथेटिक (हृदयाला वेग देणारी चेतासंस्था) पुढे येते आणि ठोके वाढतात. व्हेरापामिलही निफेडिपिनसारखं कॅल्शियम चॅनेलच अडवतं, पण ते एसए नोडवर आणि एव्ही नोडवर (ठोक्याचा संदेश खालच्या कप्प्यांकडे नेणाऱ्या भागावर) थेट काम करत असल्याने तिथे ठोके तसे वाढत नाहीत. ही जोडी परीक्षेत विचारतात आणि माझ्या मते विचारायलाच हवी.

वाचायची माझी पद्धत सांगतो. प्रत्येक औषधासाठी आधी रिसेप्टर, मग वाहिनी आणि हृदयावरचा थेट परिणाम, मग दाबाचं काय झालं आणि शेवटी दाबग्राही काय म्हणतील. पुस्तक मिटून आलेख स्वतः काढायचा. १९०६ साली हेन्री डेल यांनी एर्गट (अल्फा रिसेप्टर अडवणारा बुरशीचा अर्क) दिल्यानंतर अ‍ॅड्रेनलिन दिलं, तेव्हा दाब चढण्याऐवजी उतरला. अल्फा बंद झाले, मागे बीटा-२ उरले. हे तुला आता कुणी न सांगता मांडता येईल. बघ, प्रोप्रॅनोलॉल हे बीटा रिसेप्टर अडवणारं औषध आधी दिलं तर अ‍ॅड्रेनलिनचा आलेख कसा येईल?

धागाकर्ती:
बीटा-१ आणि बीटा-२ दोन्ही बंद, उरले फक्त अल्फा. दाब जोरात चढेल, व्हेगस जागी होईल, नाडी मंदावेल. जवळजवळ नॉरअ‍ॅड्रेनलिनसारखाच आलेख!

उत्तर:
अगदी. प्रोप्रॅनोलॉल चालू असलेल्या रुग्णाला अ‍ॅड्रेनलिन देताना रक्तदाबावर बारीक नजर ठेवतात, ती याचसाठी.