हेराती नक्षी, निळा बाणा: हा गालिचा तब्रीझचाच का?

प्रश्न
२ × ३ मीटरचा लोकरी गालिचा घ्यायचा विचार आहे. अंगभर हेराती नक्षी आहे, मध्ये शंकरपाळी आकार आणि भोवती वळलेली लांब पानं. विक्रेता '५० रजचा तब्रीझ' म्हणतो, म्हणजे इराणच्या तब्रीझ शहरातला. पाठीमागे बाणा (आडवा धागा) निळा दिसतो. नक्षीवरून गाव ठरतं का? रज कसे मोजायचे?

प्रतिसाद १
नक्षीवरून अजिबात ठरवू नका. हेराती नक्षी इराणात तब्रीझ, बिजार, सनंदज, खोरासान सगळीकडे विणतात. पाठ बघा.

रज म्हणजे साधारण ७ सेंमी रुंदीत बसणाऱ्या गाठी. ५० रज म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५ लाख. घोळ होतो तो मोजताना. तब्रीझची गाठ दोन ताण्यांना (उभ्या धाग्यांना) सारखी वेढते. दोन्ही ताणे एका पातळीत असतील तर मागे एकाच गाठीचे दोन उंचवटे दिसतात. दोन्ही मोजले की आकडा दुप्पट! फुलाच्या कडेची एकेरी रेघ शोधा, एका गाठीचे किती उंचवटे आहेत ते तिथे कळतं. मगच पट्टी लावा, तीन-चार जागी.

प्रतिसाद २
निळ्या बाण्यावरून काशानची (इराणमधलंच दुसरं गालिच्यांचं शहर) शंका येते, पण तेवढा पुरावा पुरत नाही. लव (वरचे उभे लोकरी तंतू) फाकवून मुळाशी बघा. दोन्ही ताण्यांवर लोकरीचा पट्टा आणि टोकं मधून वर, तर तब्रीझ पद्धत. एकाच ताण्याला पूर्ण वेढा आणि दुसऱ्याच्या नुसती मागून, तर फारसी गाठ, काशानची. तब्रीझमध्ये आकडीने विणत असूनही गाठ पहिल्याच प्रकारची असते.

प्रश्नकर्ता
लोकर एकाच ताण्याला वेढलेली आहे. ७ सेंमीत गाठी ३४.

प्रतिसाद १
मग तब्रीझ नाही, ५० रज तर नाहीच. उभ्या दिशेलाही तेवढ्याच धरल्या तर चौरस मीटरला जेमतेम २ लाख ३६ हजार, म्हणजे सांगितल्याच्या निम्म्याहून कमी.

प्रतिसाद ३
एकरंगी भागात जुफ्ती गाठ आहे का तेही तपासा. तिथे दोनऐवजी चार ताण्यांवर एक गाठ मारतात. लोकर नि वेळ दोन्ही वाचतात, पण लव विरळ राहते आणि लवकर झिजते. नक्षीच्या कडा नीट विणून जुफ्ती नक्षीमागच्या मोकळ्या, एकरंगी जागेत लपवतात, म्हणून फक्त फुलांवर मोजून भागत नाही. मागून ती शेजारच्या गाठींपेक्षा रुंद दिसते.

काळ्या-तपकिरी रेघांची लव खाली बसली असेल तर तो विणीचा दोष मानू नका. त्या रंगात लोह वापरलं की लोकर कुरतडली जाते.