बोगद्यात शिरताना पाय ॲक्सिलरेटरवरून का उठतो?

स्टिअरिंगवाला: वीस वर्षं गाडी चालवतोय. रात्र, पाऊस, कशाचं काही वाटत नाही. पण बोगद्याचं तोंड दिसलं की खांदे आखडतात, रेडिओ बंद करतो, शेजारी बोलत असेल त्याला गप्प करतो. आत गाडी भिंतीपासून लांब, मधल्या पट्ट्याकडे सरकते म्हणे. मला कळतही नाही. हा भित्रेपणा की बोगद्यातच काही असतं?

दिवाबत्ती: भित्रेपणा कसला! मी बोगद्यातल्या दिव्यांचंच काम करतो. भर दुपारी बाहेरून बघितलं तर तोंड म्हणजे नुसतं काळं भोक. आत बंद पडलेली गाडी असली तरी दिसायची नाही, म्हणून पाय उठतो. उजेडातून अंधारात जाताना डोळ्यांना वेळ लागतो, उलटं मात्र पटकन जमतं. त्यामुळे दिवसा तोंडाशी सगळ्यात जास्त दिवे, मग आत कमी कमी. (‘दिवसा कशाला वीज जाळता?’ हे ऐकून कान किटलेत.) आणि दिव्यांमधलं अंतर! ताशी 72 किमी म्हणजे सेकंदाला 20 मीटर. दर 4 मीटरला दिवा असेल तर सेकंदाला 5 वेळा डोळ्यांवर लपलप. लांब बोगद्यात डोकं उठतं. सलग ओळ बरी. भिंतीपासून सरकतात बहुतेक सगळेच. कडेला जागा ठेवली आणि भिंत खालून फिकट रंगवली की जरा कमी होतं.

लांबपल्ला: मला ताण नाही, झोप येते. नॉर्वेतल्या लेर्दाल बोगद्यातून गेलोय, 24.5 किमी, वीसेक मिनिटं तेच ते. मध्ये तीन मोठ्या गुहा कोरल्यात, निळा उजेड, खाली कडेला पिवळा, पहाट फुटल्यासारखा. पहिली आली तेव्हा माझं लक्ष कुठे होतं ते मला कळलं.

स्टिअरिंगवाला: मी पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून चालवतो. चालतं ना?

दिवाबत्ती: लांबून धरा. फ्रान्स-इटलीमधल्या माँ ब्लाँ बोगद्यात 1999 च्या आगीत 39 माणसं गेली. आता तिथे दोन गाड्यांत 150 मीटर अंतर ठेवावंच लागतं.

स्टिअरिंगवाला: आणि गॉगल? मी तोंडाशी काढतो.

दिवाबत्ती: तिथेच एक हात स्टिअरिंगवरून जातो आणि डोळेही तयार नसतात. बोगद्याची पाटी दिसली की काढा.